वय अडतीस, खुबा साठीचा

सांधेबदलाबद्दल या खेपेला आलेली बहुतेक पत्रं पन्नाशीच्या आतल्या वाचकांची आहेत, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. उत्तरं अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय 38. गुहागरजवळ सुपारीची आणि आंब्याची बाग आहे. दीड वर्षापूर्वी उजवा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याच्या एक्स-रेत काही निघालं नाही. मालिश, काढे, गोळ्या सगळं झालं. शेवटी एमआरआय केला तेव्हा दोन्ही खुब्यांना एव्हीएन असल्याचं कळलं. उजवा चौथ्या टप्प्यात, डावा दुसऱ्या. डॉक्टर म्हणतात उजवा बदलून टाका. घरचे म्हणतात साठीपर्यंत कळ काढ, आता केलंस तर परत करावं लागेल. थांबू का?

उत्तर : घरच्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. परत करावं लागण्याची शक्यता आहेच. पण मधली बावीस वर्षं कशी काढायची, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

आधी गुडघ्याचं कोडं सोडवू. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या नसा एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे खुब्याचं दुखणं जांघेत आणि तिथून मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं. काहींना तर फक्त गुडघाच दुखतो. उताणं झोपून गुडघा छातीकडे आणला, आणि दुसऱ्या कोणी पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला फिरवलं की जांघेत कळ उठत असेल, तर गुडघ्याला तेल चोळत बसण्यात अर्थ नाही. तरुण माणसाचा गुडघा दुखतो आणि गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आहे, अशा वेळी खुबा तपासायलाच हवा.

एव्हीएन म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं. रक्त न मिळालेलं हाड मरतं, काही महिन्यांनी वजनाखाली दबतं आणि गोळा चपटा होतो. कारणं बहुधा तीन : स्टेरॉइड, दारू, किंवा झाडावरून पडून खुब्याच्या मानेला झालेलं फ्रॅक्चर. स्टेरॉइड कधी दम्यासाठी किंवा त्वचारोगासाठी रीतसर दिलेलं असतं, तर कधी कंबरदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतून वर्षानुवर्षं पोटात गेलेलं असतं. अशा पुड्या घेतल्या असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. शरीराला बाहेरच्या स्टेरॉइडची सवय झालेली असली आणि ते अचानक बंद झालं, तर ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळू शकतो.

तुमच्या पत्रात खरी घाई डाव्या खुब्याची आहे, आणि तुम्ही विचारलंय उजव्याबद्दल. दुसऱ्या टप्प्यात गोळा अजून गोल असतो. या वेळी हाडात भोक पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. तिला कोअर डीकम्प्रेशन म्हणतात. तिच्यानंतर सुमारे 6 आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो. ती प्रत्येकाला लागू पडते असं नाही, पण गोळा एकदा दबला की तिचा उपयोगच संपतो. डाव्याचं काय करायचं हे डॉक्टरांना याच भेटीत विचारा, उजवा झाल्यावर बघू म्हणू नका. दारू असेल तर ती आजपासून बंद.

आता उजवा. चौथ्या टप्प्यात गोळाही बिघडलेला असतो आणि तो ज्यात फिरतो त्या खोबणीची कूर्चाही (हाडावरचा गुळगुळीत थर) घासलेली असते. औषधाने हे मागे फिरत नाही. थांबण्याचीही किंमत असते : मांडीचे आणि कुल्ह्याचे स्नायू सुकतात, खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो, चालताना कंबर झुकते आणि काही वर्षांनी पाठीचे मणके तक्रार करू लागतात. अशा पायावर नंतर केलेल्या ऑपरेशनचा निकालही कमी चांगला लागतो. ठरवताना वय बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न स्वतःला विचारा. दुखण्याने रात्री झोपमोड होते का? अर्धा किलोमीटर न थांबता चालता येतं का? पायमोजा स्वतः घालता येतो का? तिन्हींची उत्तरं वाईट असतील तर वेळ आली आहे.

सांधा किती वर्षं टिकतो? वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून 2019 साली निघालेला हिशोब असा, की शंभरांपैकी साधारण 58 कृत्रिम खुबे 25 वर्षं टिकले. तुम्ही तेव्हा 63 वर्षांचे असाल. हे आकडे जुन्या बनावटीच्या सांध्यांचे आहेत. त्यांत गोळा ज्यात फिरतो ते प्लॅस्टिकचं अस्तर, म्हणजे पॉलीएथिलीन, वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर झिजायचं. त्याचे बारीक कण शरीराच्या पेशी गिळत, आणि त्यातून सुरू होणारी प्रक्रिया आजूबाजूचं हाड पोखरत असे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक केलेल्या (रेणू एकमेकांना जोडून घट्ट केलेल्या) पॉलीएथिलीनची झीज याहून बरीच कमी आहे. तुमच्या वयात डोळे झाकून चालणारी जोडी म्हणजे सिरॅमिकचा गोळा आणि असं प्लॅस्टिक. सिरॅमिकवर सिरॅमिक सगळ्यांत कमी झिजतं, पण क्वचित कुरकुरतं आणि फारच क्वचित फुटतं. फुटलं तर तुकडे काढणं कटकटीचं काम. धातूवर धातू ही जोडी कोणी सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तिच्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतं.

बसवण्याची पद्धत बहुधा सिमेंटविना असेल. सांध्याच्या खरबरीत पृष्ठभागात तुमचं स्वतःचं हाड वाढून तो पकडला जातो. याला 6 ते 12 आठवडे लागतात. या काळात सांधा हाडात सुमारे 0.15 मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिला तर हाडाऐवजी तंतूंचा पडदा तयार होतो आणि सांधा कायमचा ढिला राहतो. पहिल्या तीन महिन्यांत खताची गोणी उचलू नका, यामागे हे कारण आहे. दुखत नाहीये म्हणून उचलणाऱ्यांचाच घोटाळा होतो.

त्यानंतरही हिशोब लक्षात असू द्या. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, अडखळलं तर सात-आठ पट. काठी धरायची ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात, पण पिशवी घ्यायची त्याच बाजूच्या हातात. उलट केलं तर खुब्यावरचा भार वाढतो. बागेत फिरणं, झाडांना पाणी लावणं, जमिनीवर उभं राहून झेल्याने आंबे काढणं, हे सगळं चालेल. पोफळीवर चढणं बंद, त्यासाठी माणूस लावा. भरलेल्या पेट्या डोक्यावरून वाहणं बंद. शिमग्यात पालखी पाहायला जा, खांद्यावर घेऊन नाचवू नका.

आणि एक बारीक पण मोलाची गोष्ट. सांध्याच्या खोक्यातले कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. वीस वर्षांनी सांधा बदलताना सर्जनला गोळ्याचं माप (28, 32 की 36 मिलिमीटर) आणि मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याचा प्रकार कळला, तर पूर्ण सांधा न काढता नुसता गोळा आणि अस्तर बदलून भागू शकतं. आपल्याकडच्या दमट हवेत एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटतात, त्यांच्यावर बुरशी चढते. सीडी घ्या आणि स्टिकरचा फोटो दोन फोनमध्ये ठेवा. दुखत नसलं तरी तपासणीचे एक्स-रे चुकवू नका. हाड पोखरलं जात असताना बराच काळ काहीच दुखत नाही.

प्रश्न : मुलगी 28 वर्षांची. नऊ वर्षांपासून आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. डावा खुबा पूर्ण गेला आहे, गुडघेही दुखतात. खुबा बदलायचा ठरतंय. आमच्या कुडाळकडे लोक म्हणतात, 'लोखंड घातला की माणूस संपलो.' तिचं लग्न, बाळंतपण यांचं काय? तिची औषधं बंद करावी लागतील का?

उत्तर : ताई, संपण्याचा संबंध नाही. आत्ता ती जशी चालते त्यापेक्षा नक्की बरी चालेल.

खुबा आणि गुडघा दोन्ही खराब असतील तर बहुधा आधी खुबा करतात. आखडलेल्या खुब्यावर गुडघ्याचे व्यायाम नीट होत नाहीत, आणि गुडघ्याचं थोडं दुखणं मुळात खुब्याचंच असू शकतं.

औषधं तुम्ही होऊन बंद करू नका. मेथोट्रेक्सेट साधारणपणे चालूच ठेवतात. बायोलॉजिक इंजेक्शन असेल तर ऑपरेशनची तारीख पुढचा डोस घ्यायच्या सुमाराला धरतात, तो डोस चुकवतात आणि जखम भरल्यावर, बहुधा दोन आठवड्यांनी, ते परत सुरू करतात. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवतात. स्टेरॉइड अचानक तोडायचं नाही. आमवाताचे डॉक्टर आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलायला लावा, आणि नाहीच जमलं तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याकडे न्या. मानेचा एक्स-रे (मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन) झाल्याशिवाय भूल देऊ देऊ नका. या आजारात मानेचे वरचे दोन मणके ढिले झालेले असू शकतात. नळी घालताना मान जोरात वाकली तर मज्जारज्जूला इजा होते.

मूल होण्याला खुब्याचा अडथळा नाही. नैसर्गिक प्रसूतीही होऊ शकते. खुबा बदलला एवढ्याच कारणाने सिझेरियन करावं लागत नाही. प्रसूतीच्या टेबलावर पाय फार वाकवून आत वळवायचे नाहीत, हे मात्र तिथल्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं. ऑपरेशननंतर वर्षभर थांबणं बरं. खरी अडचण मेथोट्रेक्सेटची आहे. मूल हवं असेल तर ते आधी, साधारण तीन महिने, बंद करून दुसरं सुरक्षित औषध लावावं लागतं. लेफ्लुनोमाइड असेल तर ते शरीरातून काढून टाकण्याचा वेगळा उपचार करावा लागतो. तिच्यासाठी धातूवर धातू नको हे पुन्हा सांगतो.

लग्न ठरवताना लपवू नका. लपवून करण्यासारखं हे नाहीच, कारण घरात वावरताना ते दिसणार : ती पाटावर बसून जेवणार नाही, विळीवर बसून भाजी चिरणार नाही, विहिरीवरून कळशी आणणार नाही. लग्नाचे विधी खुर्चीवर बसून होतात, भटजींना आदल्या दिवशी सांगितलं की पुरतं. ओट्यावर उभं राहून सुरीने चिरणं ही काही मोठी तडजोड नव्हे. सासरचे एवढ्यावर अडत असतील तर ते आधीच कळलेलं चांगलं.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी : घरात कोणी मशेरी लावतं का? मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि जखम भरायला उशीर लावतं. सिगारेट, गुटखा, मशेरी, काहीही असो, किमान 4 ते 6 आठवडे आधी बंद. आमवातात रक्तही बहुधा कमी असतं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तारीख ठरण्याआधी त्यावर उपचार करून घ्या.

प्रश्न : हर्णैला बोटीवर काम करतो. वय 43. दहा वर्षांपूर्वी डेकवर घसरलो, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, नंतर गादीचा तुकडा काढला. आता आतल्या बाजूने सतत दुखतं आणि पाय धनुष्यासारखा वाकलाय. एक डॉक्टर पूर्ण गुडघा बदला म्हणतात, दुसरे हाड कापून सरळ करू म्हणतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : तपासल्याशिवाय शेवटचा शब्द देता येणार नाही, पण तुमच्या वयाला आणि तुमच्या कामाला दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं आधी तपासून पाहण्यासारखं आहे.

कारण आकड्यांत आहे. गुडघा बदललेल्यांच्या ब्रिटनमधल्या नोंदींवरून 2017 साली निघालेला अंदाज असा : सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्यांपैकी शंभरात साधारण पाच जणांना आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागतं, पण पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांमध्ये हा आकडा 35 पर्यंत जातो. तुम्ही तर त्याहूनही लहान आहात. बोटीवर हलत्या डेकवर तोल सावरत दोर ओढणं म्हणजे गुडघ्याला सतत पीळ.

हाड कापण्याच्या शस्त्रक्रियेला एचटीओ म्हणतात. गुडघ्याखालचं हाड आतल्या बाजूने कापून पाचरीसारखं, बहुधा 8 ते 12 मिलिमीटर, उघडतात आणि प्लेट-स्क्रूने धरून ठेवतात. त्यामुळे शरीराचा भार झिजलेल्या आतल्या अर्ध्यावरून चांगल्या बाहेरच्या अर्ध्याकडे सरकतो. किती उघडायचं हे खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या, उभं राहून काढलेल्या लांब एक्स-रेवरून मोजतात. नुसत्या गुडघ्याच्या एक्स-रेवर कोणी हे ऑपरेशन ठरवत असेल तर थांबा. कमी उघडलं तर दुखणं राहतं, जास्त उघडलं तर बाहेरची बाजू झिजते. बाहेरची कूर्चा शाबूत हवी, गुडघा बऱ्यापैकी वाकत हवा, आमवात नको आणि तंबाखू नको. तंबाखू खाणाऱ्यांचं कापलेलं हाड जुळायला फार वेळ लागतो, कधी जुळतच नाही.

अर्धा गुडघा बदलण्याचा पर्यायही कोणी सुचवेल. तुमचं लिगामेंट तुटलेलं आहे. ते दुरुस्त न करता अर्धा गुडघा बसवला तर तो लवकर ढिला होण्याची भीती असते. एचटीओसोबत लिगामेंट बांधूनही घेता येतं. पुढे पन्नाशी-साठीत पूर्ण गुडघा बदलावा लागलाच तर तो बदलता येतो, फक्त प्लेट काढावी लागते आणि काम थोडं जिकिरीचं होतं.

वेळेचं गणित : पहिले 6 आठवडे कुबड्या, हाड जुळायला सुमारे 3 महिने, बोटीवर परत 4 ते 6 महिन्यांनी. 1 जूनपासून मासेमारी बंद असते, म्हणून एप्रिलमध्ये ऑपरेशन केलं तर बुडणारी कमाई कमी होते. पण मग कुबड्यांचे शेवटचे दिवस पावसाच्या तोंडाशी येतात, तेवढे घराबाहेर न पडता काढायची तयारी हवी. नारळी पौर्णिमेला पहिल्या फेरीला जायचा मोह मात्र आवरा, हाड जुळल्याचा एक्स-रे हातात असल्याशिवाय बोटीत पाय नाही.

तोवर वजन कमी करा. शरीराचं वजन एक किलो कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी उतरतो. आणि पुढे गुडघा बदलायचं ठरलंच, तर त्याआधीच्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

प्रश्न : खुब्याचं ऑपरेशन आहे. घर जुनं, चिरेबंदी, रस्त्यावरून 40 पायऱ्यांची पाखाडी उतरून जावं लागतं, संडास मागच्या अंगणात. काय तयारी करू, आणि कुठल्या महिन्यात? (संगमेश्वर तालुका)

उत्तर : महिना आधी ठरवा. दिवाळी झाल्यावर करा. पाखाडीवर शेवाळ नसतं, घाम कमी येतो, आणि पाऊस येईपर्यंत सहा-सात महिने मिळतात. मे महिन्यात केलं तर काठीवर असतानाच पहिला पाऊस गाठतो. शिवाय पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. भेगा आणि चिखल्या यांतून जंतू शिरतात, आणि अशी त्वचा दिसली तर चांगला सर्जन ऑपरेशन पुढे ढकलतो. किडलेले दात आणि लघवीचा संसर्ग यांचंही तसंच, आधी उपचार. साखर असेल तर एचबीए1सी (तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) साधारण 7.5 च्या आत आणा.

घरात : झोपायची जागा ओटी किंवा पडवीलगतच्या खोलीत करा, माळ्यावर नाही. खाट आणि खुर्ची दोन्ही गुडघ्यामागच्या घडीपेक्षा दोन इंच उंच असाव्यात, बहुतेकांना 18 ते 20 इंच लागतात. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर असला पाहिजे. खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पाय एकमेकांवर टाकणं आणि पाऊल आत वळवणं, हे पहिले 6 ते 12 आठवडे टाळायचं, नाहीतर गोळा निसटू शकतो. ऑपरेशन मागच्या बाजूने झालं असेल तर हे जास्त कडक. खाली पडलेला चमचा वाकून उचलायला जाणं हे सांधा निखळण्याचं सर्वांत क्षुल्लक आणि नेहमीचं कारण. लांब दांड्याचा चिमटा मिळतो तो घ्या. झोपताना पायांच्या मध्ये उशी.

संडास मागच्या अंगणात असेल तर पहिले तीन महिने खोलीतच कमोडची खुर्ची ठेवा. आधाराचा दांडा जांभ्याच्या भिंतीला लावताना प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू मारला तर भार आल्यावर तो बाहेर येतो. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. आरपार बोल्ट टाकून पलीकडे पत्र्याची चकती लावा, किंवा दांडा जमिनीत सिमेंटने पक्का करा. वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी. पायांची रबरी बुचं गुळगुळीत झाली की बदला. वॉकर जाईल एवढी वाट मोकळी ठेवा, उंबरठ्याला लाकडी उतार करून घ्या.

पाखाडीला एका बाजूने बांबूचा कठडा बांधा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि ऑपरेशनचा पाय. 40 पायऱ्या पहिल्या दिवशी घरी येताना खुर्चीत बसवून चार माणसांनी आणणं सगळ्यांत बरं, त्यात लाज नाही. पावसाआधी पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या आणि दर पंधरा-वीस दिवसांनी परत घासा.

घरी आल्यावर लक्ष ठेवायच्या गोष्टी तीन. पोटरी दुखणं, सुजणं किंवा अचानक धाप लागणं म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ राहण्याचं औषध खुब्यानंतर 35 दिवसांपर्यंत देतात, बरं वाटलं म्हणून ते सोडू नका. जखमेतून पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पाणी येत राहणं म्हणजे संसर्गाची सुरुवात असू शकते. स्वतः गोळ्या घेऊ नका, सर्जनला दाखवा. आणि पाय अचानक आखूड व आत वळलेला दिसणं म्हणजे गोळा निसटला, तेव्हा पाय ओढू नका, गाडी बोलवा. टाके बहुधा 12 ते 14 दिवसांनी काढतात.

थोडक्यात उत्तरं

रोबोटने केलेलं ऑपरेशन जास्त टिकतं का, असं तिघांनी विचारलंय. सांधा ठरवल्या जागी जास्त अचूक बसतो हे खरं. त्यामुळे तो जास्त वर्षं टिकतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी बाग गहाण टाकू नका. सर्जन वर्षाला किती सांधे बदलतात हे विचारा.

खर्च : गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याला कर सोडून 54,720 रुपये ठरले. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. खुब्याचे सांधे त्या यादीत नव्हते, त्यामुळे खुब्याला दोन-तीन ठिकाणचे लेखी आकडे घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर रेशन कार्ड घेऊन त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी मिळवावी लागते. तुमचं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेतून होतं का, हेही त्याच्याकडूनच कळेल.

स्कूटर : साधारण 6 आठवड्यांपूर्वी नाही, आणि ऑपरेशन उजव्या पायाचं असून गाडीचा ब्रेक पायाने दाबायचा असेल, तर तो जोरात दाबता येईपर्यंत नाही. गणपतीत फुगड्या नाहीत. नमस्कार उभ्यानेच.